प्रशिक्षकाची सत्ता आणि खेळाडूची दाद

खेळाडूला घडविणाऱ्या माणसाला त्या खेळाडूवर किती अधिकार असावा, आणि त्या अधिकाराचा अतिरेक झाल्यास खेळाडूने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशात आणि देशाबाहेर पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. परंतु प्रत्येक वेळी एखाद्या प्रशिक्षकाचे नाव गाजावे, काही दिवस वादंग माजावे, कोणाची नेमणूक रद्द व्हावी वा कोणाची मुदत वाढू नये, आणि मूळ प्रश्न होता तेथेच राहावा, असाच क्रम आढळतो. म्हणून एकेका प्रकरणाच्या पलीकडे जाऊन या विषयाचा समग्र आढावा घेणे, कायद्याने आजवर काय दिले आणि काय राहून गेले याची मोजदाद करणे, आणि आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या पातळीवर काय करता येईल हे ठरविणे आता आवश्यक झाले आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंड ओलांडून कोलाडकडे जाताना लागणाऱ्या खांबसारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिले, म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. रोहा, पेण, अलिबाग हा सारा मुलूख कबड्डीचा. भाताची कापणी-झोडणी उरकली की गावोगावच्या मंडळांचे सामने विजेच्या झोतात रात्र-रात्र रंगतात, आणि चढाई, पकड, लोण हे शब्द येथल्या मुलाच्या कानी पाटीवरच्या अक्षरांबरोबरच पडतात. या मुलांना शिकविणारा माणूस म्हणजे बहुधा एखादा निवृत्त खेळाडू, शाळेतला क्रीडाशिक्षक, महाविद्यालयाचा जिमखाना सांभाळणारे सर, किंवा मंडळातला एखादा जाणता दादा. त्याला पुष्कळदा वेतन नसते, मानधन असले तर ते नावापुरते असते, आणि मुलांच्या प्रवासखर्चाची तोंडमिळवणी तो स्वतःच्या खिशाला खार लावून करीत असतो. या माणसाच्या निरपेक्ष श्रमांवर ग्रामीण महाराष्ट्राची क्रीडासंस्कृती उभी आहे, हे सत्य प्रथम नोंदवूनच पुढे गेले पाहिजे. कारण ज्यांना या वर्गाविषयी कृतज्ञता नाही, त्यांना त्याच्याकडून हिशेब मागण्याचाही अधिकार पोहोचत नाही.

परंतु याच माणसाच्या हाती किती सत्ता एकवटलेली असते, याचा विचार फारसा होत नाही. संघात कोणाला घ्यावे, कोणाला राखीव बसवावे, जिल्हा निवडचाचणीला कोणाचे नाव पाठवावे, हे तोच ठरवितो. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेत खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या ५ टक्के जागा यांमुळे कबड्डीच्या मैदानावरील कामगिरीचा कागदी दाखला हा येथल्या मुलाच्या आयुष्याचा दस्तऐवज ठरतो. पोलीस, रेल्वे, बँका यांच्या संघांची दारे ज्या शिफारशीने उघडतात, ती शिफारसही पुष्कळदा त्याच्याच ओळखीतून जाते. ज्या कुटुंबाच्या वाट्याला चार-दोन गुंठे भातशेती किंवा धाटावच्या कारखान्यांतली कंत्राटी मजुरी आली आहे, त्या कुटुंबातील मुलगा अशा माणसाविरुद्ध तोंड उघडण्यापूर्वी किती वेळा विचार करील, हे वेगळे सांगावयास नको. सत्तेचे असे केंद्रीकरण कलेक्टरच्या वा न्यायाधीशाच्या हाती झाले असते, तर आपण त्यावर अपील, तपासणी आणि मुदतीची बंधने घातली असती. मैदानावर मात्र आपण ते केवळ माणसाच्या सद्‌बुद्धीवर सोडून दिले आहे.

या विश्वासाला एक दीर्घ परंपरा आहे आणि ती हीन लेखण्यासारखी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. त्या काळापासून तालमीतला वस्ताद हा पठ्ठ्याचा शिक्षक, पालक आणि प्रसंगी अन्नदाताही होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली निघाले. या संस्थांनी शरीरशिक्षणाला राष्ट्रकार्याची प्रतिष्ठा दिली आणि व्यायामशिक्षकाला त्यागी पुरुषाचे स्थान मिळवून दिले. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, आणि त्या प्रवासातून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले. महाविद्यालयाने आपल्या खेळाडूशी कसे वागावे, याचा इतका उज्ज्वल दाखला ज्या प्रदेशाने घालून दिला, त्याच प्रदेशाला आज त्या नात्यातील दोषांची चिकित्सा करण्याचा संकोच वाटू नये.

याच परंपरेत शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर येतात. आपल्यासाठी ठरवून दिलेला सामना सोडून शाळेच्या दुसऱ्या संघाचा सामना बघायला गेलेल्या सचिन तेंडुलकरांना त्यांनी थोबाडीत दिली आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजविण्यापेक्षा लोक आपल्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, असा बोध केला. ही हकीकत तेंडुलकरांनी स्वतः अत्यंत भक्तिभावाने अनेकदा सांगितली आहे. त्या शिष्याची कृतज्ञता खरी आहे आणि त्या गुरूची तळमळही खरी आहे. परंतु अशा हकीकतींवरून सर्वसामान्य नियम बांधताना आपण एक मोठी चूक करतो. ज्यांनी थप्पड खाल्ली आणि जे शिखरावर पोहोचले, त्यांच्याच आठवणी छापल्या जातात. ज्यांनी थप्पड खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानाकडे पाठ फिरविली, त्यांची कैफियत कोणी लिहून घेत नाही. यशस्वी शिष्याच्या क्षमाशीलतेला शिक्षणपद्धतीचे प्रमाणपत्र समजणे हे तर्काला धरून नाही. आचरेकरांचे थोरपण त्यांच्या अचूक दृष्टीत आणि यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून शिष्याची एकाग्रता वाढविण्याच्या कल्पकतेत होते. त्या चपराकीच्या अनुकरणाने कोणी आचरेकर होत नाही.

प्रशिक्षकाच्या वर्तनाविषयी बोलताना भिन्न दर्जाच्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात आणि त्यामुळे चर्चेचा विचका होतो. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर व्हा, उशीर केला तर दोन फेऱ्या अधिक मारा, ही शिस्त आहे. तिच्याविषयी तक्रार करणाऱ्याने खेळच सोडावा. चारचौघांत आई-बापांवरून किंवा जातीवरून हिणवणे, मारणे, दुखापत लपवून खेळावयास भाग पाडणे, पाणी नाकारणे, हा छळ आहे. त्याला कठोरपणाचे नाव देणे अप्रामाणिकपणाचे होय. संघनिवडीत मर्जी आणि आकस चालविणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. आणि खेळाडूच्या देहाकडे वा असाहाय्यतेकडे वासनेने पाहणे हा शुद्ध गुन्हा आहे, ज्याची जागा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात आहे. या चारांपैकी पहिली गोष्ट चौकशीचा विषयच नव्हे आणि चौथीविषयी आता कायदा पुष्कळसा जागा झाला आहे; मधल्या दोहोंना मात्र आपल्याकडे बव्हंशी वाली नाही.

निवडीतील आकसाचे जे प्रकरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे, ते २०१८ सालच्या भारतीय महिला क्रिकेट संघाचे. आधीच्या वर्षी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, ते बडोद्याचे तुषार आरोठे, वरिष्ठ खेळाडूंशी सरावपद्धतीवरून मतभेद झाल्याच्या वार्तांनंतर, जून २०१८ मध्ये पदावरून दूर झाले आणि त्यांच्या जागी मुंबईचे रमेश पोवार आले. नोव्हेंबरात वेस्ट इंडीजमध्ये झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात साखळीत दोन अर्धशतके काढणाऱ्या मिताली राज यांना इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात बाहेर बसविण्यात आले आणि तो सामना भारताने गमावला. मिताली यांनी क्रिकेट मंडळाला पत्र लिहून प्रशिक्षकाने आपणास अवमानित केल्याची तक्रार गुदरली. पोवार यांनी आपल्या अहवालात त्यांच्यावर सलामीला खेळण्याचा हट्ट धरल्याचा आणि निवृत्तीची धमकी दिल्याचा प्रत्यारोप केला. कर्णधार हरमनप्रीत कौर आणि स्मृती मंधाना यांनी पोवारांची बाजू घेतली. ३० नोव्हेंबरला पोवारांची मुदत संपली, डिसेंबरात डब्ल्यू. व्ही. रामन यांची नेमणूक झाली, आणि २०२१ च्या मे महिन्यात पोवार पुन्हा त्याच पदावर आले, तेव्हा एकदिवसीय संघाच्या कर्णधार मितालीच होत्या. या साऱ्यात सत्य कोणाच्या बाजूला होते, हे ठरविण्याचा माझा उद्देश नाही. खेदाची गोष्ट ही की, ते अधिकृतपणे ठरविण्याची व्यवस्थाच दिसली नाही. पत्र फुटले, अहवाल फुटला, वर्तमानपत्रांनी दोन्ही बाजू छापल्या, पण साक्षी-जबाब घेऊन प्रशिक्षकाचे वर्तन योग्य वा अयोग्य होते असा निष्कर्ष लोकांपुढे कधी आला नाही. खेळाडूला न्याय मिळाला नाही आणि प्रशिक्षकालाही निर्दोषत्वाचा दाखला मिळाला नाही. चौकशीवाचून झालेली बडतर्फी जशी अन्यायाची, तशीच चौकशीवाचून झालेली पुनर्नियुक्तीही संशय मागे ठेवणारी असते.

त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१७ मध्ये, अनिल कुंबळे यांनी भारतीय पुरुष संघाचे प्रशिक्षकपद सोडले, आणि कर्णधाराला आपल्या कार्यपद्धतीविषयी हरकती असल्याचे आपणास कळविण्यात आले, असे त्यांनी जाहीर केले. म्हणजे खेळाडू पुरेसा बलवान असेल, तर प्रशिक्षकालाच पायउतार व्हावे लागते. आणि तो दुर्बळ असेल, तर त्यालाच मैदान सोडावे लागते. दोन्ही प्रसंगी निकाल बळावर लागतो, गुणदोषांवर लागत नाही. कोट्यवधींच्या गळ्यातला ताईत असलेला कर्णधार आणि रोह्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकणारा चढाईपटू यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते भरून काढण्यासाठीच नियमांची योजना असावयास हवी.

गुन्ह्याच्या कोटीत मोडणाऱ्या प्रकरणांनी तर गेल्या काही वर्षांत समाजाला हादरवून सोडले. सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्याच्या जलतरण संघटनेच्या एका प्रशिक्षकावर अल्पवयीन मुलीच्या विनयभंगाचा आरोप झाला. चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरल्यावर संघटनेने त्याला काढून टाकले, तत्कालीन क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांनी त्याला देशात कोठेही काम मिळू नये असे सांगितले, आणि पोलिसांनी त्याला अटक केली. जून २०२२ मध्ये परदेश दौऱ्यावर असलेल्या एका महिला सायकलपटूने राष्ट्रीय प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली आणि त्याचा करार रद्द झाला. त्याच सुमारास नॉर्वेच्या दौऱ्यावर असलेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या भारतीय फुटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून बडतर्फ करण्यात आले. हाच तो संघ, जो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात भारतात भरलेल्या विश्वचषकात खेळला आणि ज्या स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, नव्या मुंबईत नेरूळच्या मैदानावर झाला. माहितीच्या अधिकाराखाली मिळविलेल्या कागदपत्रांच्या आधारे २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांतून दहा वर्षांत लैंगिक छळाच्या किमान ४५ तक्रारी आल्या होत्या आणि त्यांपैकी २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या. ज्यांनी तक्रार केली त्यांचा हा हिशेब आहे. ज्यांनी केली नाही, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

२०२३ सालच्या कुस्तीगिरांच्या आंदोलनाने या प्रश्नाची संस्थात्मक बाजू उघडी केली. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांचा न्यायनिवाडा न्यायालयांकडे आहे. पण मेरी कोम यांच्या अध्यक्षतेखालील देखरेख समितीच्या निष्कर्षांतील एक गोष्ट निर्विवाद होती, ती ही की, कुस्ती महासंघात कायद्याप्रमाणे रीतसर घडविलेली अंतर्गत तक्रार समितीच नव्हती. पाठोपाठ तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी सुमारे निम्म्यांत अशी समिती नसल्याचे वृत्त आले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केंद्रीय क्रीडा मंत्रालयासह अनेक संस्थांना नोटिसा धाडल्या. दिल्लीत कार्यालय असलेल्या महासंघांची ही स्थिती, तर तालुका संघटनेची स्थिती काय असेल, याचे अनुमान वाचकाने करावे.

महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या चौकशीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र अमेरिकेतले आहे. तेथील विद्यापीठांतून खेळला जाणारा लंबगोल चेंडूचा फुटबॉल हा प्रचंड उलाढालीचा व्यवसाय असून त्याच्या प्रशिक्षकाचे वजन पुष्कळदा कुलगुरूपेक्षाही अधिक असते. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या सरावात धावण्याच्या फेऱ्या मारताना जॉर्डन मॅकनेर हा १९ वर्षांचा विद्यार्थी उष्माघाताने कोसळला आणि १३ जूनला त्याचा मृत्यू झाला. अशा रुग्णाला तत्काळ बर्फाच्या पाण्यात बुडविणे हा जगन्मान्य उपचार होता. तो झाला नाही. ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लोह यांनी या मृत्यूची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी विद्यापीठाच्या वतीने स्वीकारली. दरम्यान प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांच्या कारकिर्दीत खेळाडूंना अपमानित करण्याचे आणि धाकात ठेवण्याचे प्रकार घडत, असे वृत्त आले आणि स्वतंत्र आयोग नेमला गेला. आयोगाने संघातील वातावरण सर्वस्वी विषारी होते असे म्हणण्याचे टाळले, परंतु बोलण्याची भीती वाटणारे खेळाडू पुष्कळ होते आणि म्हणून दोष आतल्या आत चिघळत राहिले, असा निर्वाळा दिला. ३० ऑक्टोबरला नियामक मंडळाने डर्किन यांना कायम ठेवण्याची शिफारस केली आणि लोकक्षोभ उसळताच दुसऱ्याच दिवशी त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे २०२१ मध्ये विद्यापीठाने मॅकनेर कुटुंबाशी ३५ लाख डॉलरांची तडजोड केली आणि मेरीलँड राज्याने त्या मुलाच्या नावाने खेळाडूंच्या सुरक्षिततेचा कायदा केला. आयोगाच्या त्या एका निष्कर्षात माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. दुष्ट प्रशिक्षक क्वचितच भेटतो. पण ज्या संघात कोणीही बोलू शकत नाही, तेथे सज्जन प्रशिक्षकाची चूकही प्राणघातक ठरते.

हा धडा रायगडला फार जवळचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभात उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण उष्माघाताला बळी पडले. जेथे नुसते बसलेल्या माणसांवर असा प्रसंग येतो, तेथे कोकणच्या दमट उन्हात, घाम वाळतच नाही अशा हवेत, मुलांना पाण्यावाचून पळविणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको. पाणी प्यायले की दम कमी होतो, ही समजूत अजूनही कित्येक मैदानांवर नांदते. तिला शास्त्राचा आधार नाही. खेळताना मुलगा कोसळला, त्याचे बोलणे असंबद्ध झाले, तर आधी त्याला गार पाण्याने जितके थंड करता येईल तितके करावे आणि मग रुग्णालयात न्यावे, हा नियम प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लिहिला गेला पाहिजे. वजनाचा प्रश्नही असाच. कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा आहे. तिच्यात बसण्यासाठी स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणे आणि जाड कपड्यांत घाम गाळावयास लावणे, हा त्याच्या हृदयाशी आणि मूत्रपिंडाशी चालविलेला खेळ होय. विनेश फोगट यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन अधिक भरल्यामुळे बाद व्हावे लागले, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. परंतु आदल्या रात्री वजन उतरविण्यासाठी देहाचे जे हाल झाले, तेच हाल लहान प्रमाणावर गावोगावच्या पोरांचे होत असतात, याची हळहळ कोणाला वाटल्याचे ऐकिवात नाही.

आता कायद्याने दिलेल्या संरक्षणाकडे वळू. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शाळेतील मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांपासून संरक्षण दिले, पण त्याची मर्यादा ६ ते १४ वर्षांची. २०१२ चा बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील मुलामुलींना लागू आहे. त्यात गुन्हा माहीत असून न कळविणाराही शिक्षेस पात्र ठरतो, ही गोष्ट प्रत्येक संघव्यवस्थापकाने ध्यानात ठेवावी. बालन्याय अधिनियम २०१५ च्या ७५ व्या कलमाने मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने केलेला क्रूरपणा गुन्हा ठरविला. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, मैदान आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट समावेश केला, अंतर्गत समितीची सक्ती केली, जेथे अशी समिती नाही तेथील तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तजवीज केली आणि चौकशीला ९० दिवसांची मुदत घातली. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची यासंबंधीची स्वतंत्र विनियमावली आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमात राष्ट्रीय क्रीडा मंडळ, क्रीडा न्यायाधिकरण, खेळाडूंच्या समित्या आणि सुरक्षित क्रीडा धोरण यांची तरतूद आली.

ही यादी मोठी दिसते. पण तिच्यातील पोकळी कोणाच्या वाट्याला येते ते पाहावे. एकोणीस वर्षांचा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक कबड्डीपटू घ्या. सर्वांसमक्ष त्याला शिवीगाळ झाली, दुखावलेल्या गुडघ्यानिशी खेळविले गेले, तक्रार करताच संघातून वगळले गेले. शिक्षणहक्काचा कायदा त्याच्या वयाला नाही, बालकांचे कायदे त्याला नाहीत, २०१३ चा कायदा पुरुषाला नाही, आणि नव्या अधिनियमातील न्यायाधिकरण त्याच्या गावापासून फार दूर आहे. उरली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार असावयाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचा लोकपाल. तेथे अर्ज करता येतो हे किती विद्यार्थ्यांना माहीत असते, आणि समितीतील कोणा प्राध्यापकाला खेळाची जाण असते, हे प्रत्येक प्राचार्यांनी स्वतःस विचारावे. शिवाय महाविद्यालयाबाहेरच्या मंडळांत आणि पोलीस-सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या खासगी अकादम्यांत तेवढेही दार नाही. अपराधासाठी फौजदारी कायदा आहे, पदकासाठी पुरस्कार आहे. रोजच्या छळासाठी मात्र सुनावणीची जागा नाही.

या विचारावर प्रशिक्षकांच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. तक्रारीचे दार उघडले तर संघातून वगळलेला प्रत्येक मुलगा आणि दुखावलेला प्रत्येक पालक सूड उगविण्यासाठी अर्ज करील, शिस्त मोडेल, आणि विनावेतन राबणारा माणूस कंटाळून घरी बसेल, अशी ही भीती आहे. गावातील भावकी आणि राजकारण ज्यांना ठाऊक आहे, ते तिला निराधार म्हणणार नाहीत. परंतु तिच्यावरचा उपाय दार बंद ठेवणे हा नव्हे. रीतसर चौकशीत प्रशिक्षकाला आरोप लेखी कळतो, खुलासा करण्याची संधी मिळते, साक्षीदार आणता येतात आणि खोट्या तक्रारीतून सन्मानाने मुक्त होता येते. दार बंद असले म्हणजे तीच तक्रार चावडीवर कुजबुजीच्या रूपाने फिरते, भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितीच्या रूपाने बाहेर पडते, आणि मग निरपराध माणसालाही तिचे उत्तर देता येत नाही. चौकशीची पद्धत ही खेळाडूइतकीच प्रशिक्षकाचीही ढाल आहे.

मुलांना धाकात ठेवल्यावाचून यश मिळत नाही, या समजुतीला खुद्द मराठी प्रशिक्षकांनीच उत्तर दिले आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला कबड्डी संघाला शिकविण्यासाठी फारसी आत्मसात केली, सरावात योग आणि प्राणायामाला स्थान दिले, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारतालाच २७-२४ असे नमवून सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक पटकाविल्यावर आपल्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना मातेच्या ठिकाणी मानल्याचे सांगितले. या दोघींच्या शिस्तीत ढिलेपणा असता, तर ही पदके आली नसती. कठोर परिश्रम आणि खेळाडूचा सन्मान हे एकत्र नांदू शकतात, एवढेच यावरून सिद्ध होते, आणि तेवढे पुरेसे आहे.

मग आपण काय करावे? प्रत्येक महाविद्यालयाने आणि मंडळाने हंगामाच्या आरंभी एक पानाची आचारसंहिता तयार करून प्रशिक्षक, खेळाडू आणि पालक यांच्या सह्या तिच्यावर घ्याव्यात. काय शिस्तीत बसते आणि काय बसत नाही, हे तिच्यात साध्या मराठीत लिहिलेले असावे. तक्रार ऐकणारा माणूस संघनिवडीशी संबंध नसलेला असावा. एखादी प्राध्यापिका, गावातले डॉक्टर, किंवा दुसऱ्या तालुक्यातला ज्येष्ठ खेळाडू या कामी योग्य ठरेल. चौकशीला मुदत असावी, निष्कर्ष लेखी असावा, आणि चौकशी चालू असताना तक्रारदाराला संघातून काढण्याची मनाई असावी. मुलींच्या संघाबरोबर दौऱ्यावर एक जबाबदार स्त्री असल्यावाचून संघ गावाबाहेर जाऊ नये. दुखापत झालेल्याने खेळावे की नाही, याचा निर्णय डॉक्टरचा असावा, प्रशिक्षकाचा नसावा. अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने तालुकावार शिबिरे घेऊन प्रशिक्षकांना उष्माघात, वजननियंत्रण आणि बालसंरक्षण या विषयांचे शिक्षण द्यावे आणि ते शिक्षण घेतल्याचा दाखला संघनोंदणीसाठी आवश्यक करावा. याबरोबरच प्रशिक्षकाला नियमित मानधन मिळाले पाहिजे. ज्याच्याकडून आपण उत्तरदायित्व मागतो, त्याला उपाशी ठेवून चालणार नाही. यांतील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही लागत नाही. ग्रामसभेचा किंवा महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाचा एक ठराव पुरतो.

या साऱ्या आढाव्यातून माझा निष्कर्ष एवढाच निघतो की, प्रशिक्षकाचा मोठेपणा त्याने किती पदके आणली यावर मोजण्याची आपली रीत अपुरी आहे; त्याच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार असूनही ज्याच्या मैदानावर मुले आनंदाने येतात, तो खरा प्रशिक्षक. रोहा-पेणच्या पालकांना माझी विनंती आहे की, या हंगामात मुलाला वा मुलीला मैदानावर सोडताना त्यांनी मंडळाच्या किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन एकच गोष्ट विचारावी: माझ्या पाल्यावर अन्याय झाला, तर अर्ज कोणाकडे द्यावयाचा? ज्या संस्थेला या प्रश्नाचे उत्तर एका नावानिशी देता येत नाही, तिने ते नाव ठरविल्यावाचून सराव सुरू करू नये.